राणाला आपल्याकडे पाठवलं, ते कायद्याला धरून होतं का?

गिरगावकर (धागाकर्ता)
२६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेने आपल्या ताब्यात दिलं आणि १० एप्रिल २०२५ ला तो दिल्लीत उतरला तेव्हा मलाही बरं वाटलं. पण एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. शिकागोच्या फेडरल कोर्टातल्या ज्युरीने जून २०११ मध्ये त्याला डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावर हल्ला करण्याच्या कटात आणि लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं, मुंबई हल्ल्याच्या आरोपातून मात्र निर्दोष सोडलं. भारत-अमेरिका प्रत्यार्पण कराराचं सहावं कलम सांगतं की ज्या गुन्ह्यात माणूस तिथे दोषी किंवा निर्दोष ठरलाय, त्याच गुन्ह्यासाठी त्याला पाठवायचं नाही. मग पाठवलं कसं? समोर राणा आहे म्हणून आज डोळेझाक केली, तर हा पायंडा उद्या कुणाच्याही मुळावर येईल. माझ्या मते पाठवायला नको होतं.

काळा कोट
गिरगावकर, सगळी मेख 'गुन्हा' या एका शब्दात आहे. राणाच्या वकिलांचं म्हणणं होतं की गुन्हा म्हणजे घडलेलं कृत्य. कृत्य तेच, म्हणून प्रत्यार्पण नाही. अमेरिकन सरकारचं म्हणणं, गुन्हा म्हणजे कायद्याने तो सिद्ध करायला लागणारे घटक. अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या (विभागाच्या) अपील कोर्टाने १५ ऑगस्ट २०२४ ला सरकारचं म्हणणं मान्य केलं आणि त्याला करारातलाच आधार होता. त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात 'कृत्ये' असा वेगळा शब्द आहे. करार करणाऱ्यांना कृत्यच म्हणायचं असतं तर तो शब्द त्यांच्या हाताशी होता. शिकागोत आरोप होता हल्ल्यासाठी साहाय्य पुरवण्याच्या कटाचा. आपल्याकडचे आरोप खुनाचे, देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे आणि बनावट कागदपत्रांचे. घटक वेगळे, म्हणून गुन्हा वेगळा.

पत्र्याची ट्रंक
त्या रात्री माझे वडील सीएसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये होते. गोळ्या सुटल्या तशी त्यांनी ट्रंक आडवी केली आणि तिच्यामागे पालथे पडून राहिले. ती ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. कडेला करंगळी जाईल एवढं भोक आणि आत आईच्या लुगड्याला जळका डाग. १६६ माणसं गेली. कसाबला वकील मिळाला, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टही मिळालं, आणि तरी चार वर्षांत सगळं संपलं. राणाला नुसतं विमानात बसवायला जून २०२० च्या अटकेपासून जवळपास पाच वर्षं लागली. मॅजिस्ट्रेट झाला, हेबियस अर्ज (कैद बेकायदा आहे असा अर्ज) झाला, अपील झालं, २१ जानेवारी २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने नकार दिला. त्यानंतरही स्थगितीसाठी आधी न्यायमूर्ती केगन आणि मग सरन्यायाधीश रॉबर्ट्स! आणखी किती दारं ठोठावू द्यायची?

एडिसनहून
ट्रंक, तुमच्या वडिलांचं वाचून पोटात कालवलं. तरीही मी गिरगावकरांच्या बाजूने आहे. काळा कोट, दोन देशांच्या कायद्यांचे घटक हुबेहूब जुळतात तरी कधी? तुमच्या कसोटीवर सहावं कलम जवळजवळ कुणालाच वाचवणार नाही. राणाचा मित्र आणि या कटातला साथीदार डेव्हिड हेडली, त्याचंही बघा. मुंबईत फिरून ठिकाणं टिपून ठेवली त्याने. शिक्षा झाली ३५ वर्षांची, पण गुन्हा कबूल करताना भारताच्या हाती दिलं जाणार नाही ही हमी लिहून घेतली. त्याची साक्ष आपल्या कोर्टाला २०१६ मध्ये व्हिडिओवरून घ्यावी लागली. ज्याने रेकी केली तो तिकडे सुरक्षित आणि ज्युरीने ज्याला सोडलं तो इकडे. माझ्या मनाला हे पटत नाही.

काळा कोट
हेडलीच्या हमीचा मुद्दा राणाच्या वकिलांनीही मांडला होता. सरकार स्वतःच तेव्हा 'कृत्य' हाच अर्थ धरत होतं, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाला ते पटलं नाही. हेडलीचा करार मलाही खुपतो, पण एका सौद्याने सगळ्या कराराचा अर्थ ठरत नाही. आणि बनावट कागदांचं काय? हेडलीला भारतात वावरता यावं म्हणून राणाने मुंबईत आपल्या इमिग्रेशन कंपनीचं ऑफिस काढू दिलं आणि व्हिसाच्या खोट्या कागदांना हातभार लावला, असा आरोप आहे. त्यावर शिकागोत खटला चाललाच नव्हता.

गिरगावकर (धागाकर्ता)
कागदपत्रांचं मान्य, तेवढ्यासाठी पाठवलं असतं तर मी हा धागा काढला नसता. खुनाच्या कटाबद्दल मात्र मी हटणार नाही. ज्युरीतल्या बारा जणांनी पुरावा ऐकून नाही म्हटलं होतं. ट्रंक, तुमचा राग मला कळतो. पण या अपिलांमुळेच आज कुणाला म्हणता येत नाही की राणाचं ऐकून न घेता त्याला उचलून आणलं.

पत्र्याची ट्रंक
पण त्या बारा जणांसमोर सीएसटीवरचा हमाल कुठे उभा राहिला होता? आमचे साक्षीदार इथे आहेत, ती जागा इथे आहे. वडील आता ७४ वर्षांचे आहेत. बोलावणं आलं तर ट्रंक घेऊन जाईन म्हणतात.