गूळ अडतीच्या ॲपला कंपोझ घेऊ की फ्लटर?

लक्ष्मीपुरीकर:
मंडळी, सल्ला पाहिजे. मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानाचं ॲन्ड्रॉइड ॲप माझ्याकडं आहे. कोड कोटलिनमध्ये, स्क्रीन सगळ्या एक्सएमएलच्या. सौदे चालू असताना मुनीम उभ्या उभ्या प्रत्येक वकलाचे (शेतकऱ्याच्या मालाच्या एका लॉटचे) रवे म्हणजे ढेपा, वजन, दर टाकतात आणि खाली पट्टीची (शेतकऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीची) रक्कम बदलत जाते. आता मालकांना हमाली-तोलाईपण तिथंच बघायचीय. एक आकडा बदलला की चार ठिकाणी सेटटेक्स्ट लिहून स्क्रीन हातानं बदलायची, त्यातलं एखादं राहतंच. डिक्लेरेटिव्हकडं (आकडा बदलला की स्क्रीन आपोआप बदलते त्या पद्धतीकडं) जायचं नक्की, पण स्क्रीन बांधायला जेटपॅक कंपोझ की फ्लटर? दुकानात आयफोन कुणाकडंच नाही. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधी चालू व्हायला पाहिजे.

शिरोली_नाका:
कोटलिन हाय, आयफोन नाही, मग विषय संपला की भावा. कंपोझ. फ्लटर घेतलंस तर डार्टमध्ये पहिल्यापासून लिहीत बसशील आणि पाडवा निघून जाईल. कंपोझमध्ये सगळं एकदम पाडायची गरज नाही. जुन्या लेआउटात एक कंपोझव्ह्यू ठेव, फक्त पट्टीचा भाग त्यात लिही. बाकीच्या स्क्रीन हायत तशा राहू देत.

राजारामपुरी_५वी_गल्ली:
फ्लटरचं हॉट रीलोड (कोड बदलला की चालू ॲपमध्ये लगेच दिसतं ते) एकदा हाताला लागलं की दुसरं काही गोड लागत नाही, एवढं सांगतो. आणि उद्या मालकांचा पोरगा पुण्याहून आयफोन घेऊन आला तर?

शिरोली_नाका:
आला तर येऊ दे. कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म आयफोनसाठी मे २०२५ मध्ये स्टेबल झालंय. तेव्हाचं तेव्हा.

रंकाळाकाठ:
दोन्हीतलं काहीही घ्या, स्टेट (स्क्रीनवरचे चालू आकडे) कुठं ठेवायची हे ठरलं नाही तर त्रास तोच. रक्कम व्हेरिएबलमध्ये साठवूच नका. रवे, वजन, दर एवढंच व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासमध्ये) ठेवा. रक्कम, अडत, हमाली, तोलाई दरवेळी त्यातूनच काढा. मग 'एखादं राहिलं' हा प्रकारच उरत नाही. खालच्या कंपोझेबलला (स्क्रीनचा एकेक तुकडा काढणाऱ्या फंक्शनला) फक्त किंमत द्यायची आणि ती बदलली की काय करायचं ते फंक्शन. त्यानं स्वतःकडं काही ठेवायचं नाही.

वजनाचा रकाना टेक्स्ट म्हणूनच ठेवा. स्टेट डबल केलीत तर मुनीम २९ टाकतील आणि रकान्यात २९.० उमटेल, पुढं .५ लिहायला गेले की गोंधळ. आकडा हिशेबाच्या वेळी करा. आणि कंपोझेबलच्या आत नुसत्या रिमेंबरमध्ये ठेवलेलं फोन आडवा झाला की जातं, तिथं रिमेंबरसेव्हेबल लागतं. पण सौद्याचे आकडे त्याच्याही भरवशावर नकोत, लगेच रूममध्ये, म्हणजे फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहा. दर चुकला तर शेतकरी ॲपला नाही, मुनिमाला धरणार.

लक्ष्मीपुरीकर:
कंपोझ घेतलं. पट्टी झकास चालते. पण यादीत एक भूत आहे: नवीन वकल सगळ्यात वर येतं, तेव्हा अर्धवट टाकलेला दर दुसऱ्याच शेतकऱ्याच्या ओळीत दिसतो!

रंकाळाकाठ:
ओळीच्या आत रिमेंबर आहे आणि लेझीकॉलमच्या (सरकत्या यादीच्या) आयटम्सना 'की' म्हणजे ओळखखूण दिलेली नाही, असं दिसतंय. ही 'की' नसली तर कंपोझ ओळ तिच्या जागेवरून ओळखतं. वर एक घुसली की पहिल्या जागेची आठवण नव्या ओळीला चिकटते. वकलाचा डेटाबेसमधला आयडी की म्हणून द्या. शेतकऱ्याचं नाव देऊ नका, एकाच माणसाची दोन वकलं आली की ॲप क्रॅश होईल. आणि तो अर्धवट दरही व्ह्यूमॉडेलमध्ये हलवा.

लक्ष्मीपुरीकर:
की दिली, बसलं जागेवर. तो अर्धवट दर आज संध्याकाळी हलवतो. फक्त मुनिमांच्या जुन्या फोनवर यादी सरकवताना अडखळते.

शिरोली_नाका:
डीबग बिल्ड (चाचणीचं ॲप) टाकलायस का त्यांच्या फोनवर? कंपोझ डीबगमध्ये बरंच जड चालतं. आर८ (कोड आटोपशीर करणारं टूल) लावून रिलीज बिल्ड टाक, मग बघ. तरी अडखळलं तर ओळीचा कोड इथं टाक.