उत्तर: लावांचा गृहप्रवेश

लावा लोकांचा नव्या घरातला गृहप्रवेश म्हणजे आपली वास्तुशांतीच, ही तुमची तुलना वरवर पटते दादा, पण एक मोठा फरक राहिला बघा. उत्तर थायलंडमधल्या म्हे होंग सोन, चियांग माई भागातल्या डोंगरांतले हे लावा लोक, त्यांच्यात घराचा संबंध थेट पितरांशी, म्हणजे कोंबडं नाहीतर डुक्कर कापून आधी पितरांना दाखवायचं मग सगळ्यांनी जेवायचं, सोबत तांदळाची दारू. आपल्याकडे वास्तुशांतीला अंडंसुद्धा चालत नाही :) गावच्या विधींत 'समांग' घराण्याचा मान, हे स्वतःला जुन्या लावा राजांचे वंशज मानतात. आता बरेच जण बौद्ध, काही ख्रिश्चन, त्यामुळे एकाच गावात कुठे भंतेंचं पठण तर कुठे प्रार्थना. जेवायला मात्र शेजारी येणारच ना!