जुन्या एफ-१०० चं पुढचं सस्पेन्शन: स्वतः उघडावं की वर्कशॉपला द्यावं?

ट्रकवेडा (धागाकर्ता)

१९६९ ची फोर्ड एफ-१०० पिकअप आहे. फोर बाय फोर नव्हे, साधी. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावं लागतं, ब्रेक मारला की खालून ठक्क आवाज येतो आणि पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा खाल्ल्या गेल्यात. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की खेळ हाताला लागतो. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला लावला तरी तो कमी होत नाही. म्हणजे व्हील बेअरिंग नव्हे, किंगपिनच (ज्या उभ्या पिनेभोवती चाक वळतं त्या) गेल्यात. रेडियस आर्मचे रबरी बुश (सांध्यात बसणारी अस्तरं) चिरलेत, ठक्क आवाज तिथलाच.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९६५ च्या मॉडेलपासून फोर्डने या ट्रकला 'ट्विन आय-बीम' दिलं. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र बीम असतो आणि त्याचं दुसरं टोक चासीच्या पलीकडच्या बाजूला बिजागरासारखं हलतं. बीम मागे-पुढे सरकू नये म्हणून रेडियस आर्म आणि वर कॉइल स्प्रिंग. बस, एवढंच. भाग मोजके, सगळे डोळ्यांना दिसणारे. म्हणून मला मनापासून वाटतं की हे काम मीच करावं. ब्रेक, बेअरिंग, क्लच ही कामं मी नेहमी करतो. किंगपिनला अजून हात लावलेला नाही. करा किंवा करू नका, दोन्ही मतं ऐकायची आहेत, पण कारणासकट.

लेथवाला

करू नका. सुटं करणं कुणालाही जमेल, प्रश्न बुशांचा आहे.

स्पिंडलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो, किंगपिनभोवती वळणारा भाग) वर एक आणि खाली एक असे दोन बुश असतात, त्यांच्यातून किंगपिन जाते. ब्राँझचे नवे बुश दाबून बसवले की ते आतून आवळतात आणि पिन आत जातच नाही. मग रीम करायचे, म्हणजे रीमर या कापणाऱ्या हत्याराने भोक मापात आणायचं. दोन्ही बुश एकाच रेषेत रीम व्हायला हवेत. रीमर वरच्यात सरळ आणि खालच्यात केसभर तिरका गेला, तर दोन्ही मापात असूनही पिन अडकते. मग माणूस काय करतो? आणखी थोडं रीम करतो. पिन जाते. नवी पिन, नवे बुश, आणि खेळ पहिल्याच दिवशी हजर! बरोबर फिट म्हणजे इंचाच्या हजारातला एखाद-दुसरा भाग. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे आणि आडवी हलवली तर अजिबात खडखडता कामा नये. हा अंदाज हाताला यायला वर्षं लागतात. मी ते भोक घासून मापात आणणाऱ्या होनिंग मशीनवर करतो आणि तरी प्रत्येक स्पिंडलला पिन घालून-काढून बघतो.

शिवाय जुन्या पिना निघतील हे कशावरून? पिनेला अडवणारी लॉक पिन गंजून अॅक्सलशी (म्हणजे बीमशी) एकजीव झालेली असते. तिथे हातोडा पुरत नाही, गॅस आणि प्रेस लागतं.

हातपाना

लेथवाल्यांचं बुशांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण त्यावरून अख्खं सस्पेन्शन दुसऱ्याच्या दारात नेऊन का सोडायचं? स्पिंडल हातात उचलून नेता येते. काढा, साफ करा, नव्या पिना-बुशांसकट मशीन शॉपला द्या, फिट करून आली की बसवा. बाकीचं सगळं पान्याचं काम आहे.

लोकांना खरी भीती असते ती स्प्रिंगची, आणि शेव्हरलेच्या सी-१० पिकअपवर ती रास्तही आहे. १९६३ पासूनच्या सी-१० मध्ये स्प्रिंग दोन आर्मच्या मध्ये दाबून बसवलेली असते. ती चाकापेक्षा आत असल्यामुळे चाकावरच्या वजनाहून जास्त जोर धरून असते. तिथे बेसावधपणे बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा सांधा) सोडवला तर जीव जाऊ शकतो. ट्विन आय-बीमचं तसं नाही. चासी स्टँडवर, बीमखाली जॅक, शॉक सुटा, ब्रेकची रबरी नळी मोकळी, की जॅक हळूहळू उतरवायचा. बीम इतका खाली येतो की स्प्रिंग सैल पडते. मग तिची वरची-खालची पकड सोडवून ती हाताने काढता येते. आणि हो, चासी स्टँडवरच हवी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

दुसरी गोष्ट. वर्कशॉप म्हणजे कोण? आज अलाइनमेंटच्या मशीनवर काम करणाऱ्या किती जणांनी किंगपिन हाताळली असेल? माझ्या ओळखीच्या एका ट्रकला नव्या पिना घालून मिळाल्या. ट्रकचं वजन पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगच्या वरच्या मोकळ्या जागेत शिम (पातळ चकती) घातलेलीच नव्हती, आणि एका बुशाचं भोक ग्रीसच्या निपलसमोर आलेलं नव्हतं. कितीही ग्रीस मारा, आत जाणार कुठून? मालकाने स्वतः बसवलं असतं तर पहिल्या ग्रीसलाच लक्षात आलं असतं.

दोनलेन

सगळे मालकाच्या बाजूने बोलताहेत, समोरून येणाऱ्याचं काय?

इंजिन चुकीचं बांधलं तर गाडी बंद पडते. स्टिअरिंगचा सांधा चुकीचा बांधला तर गाडी दुसऱ्याच्या लेनमध्ये जाते. टायरॉड एंडच्या (स्टिअरिंगची दांडी चाकाशी जोडणाऱ्या सांध्याच्या) नटातून कॉटर पिन (नट सुटू न देणारी पिन) घालायची राहिली, एवढंसं कारण पुरतं. धागाकर्ते ब्रेकचं काम करतात हे चांगलंच, पण किंगपिन पहिल्यांदाच करणार, आणि तपासणारेही तेच. वर्कशॉपमध्ये निदान दुसरा डोळा असतो, चुकलं तर जाब विचारता येतो. 'समजायला सोपं' आणि 'बरोबर करायला सोपं' यांत फरक आहे. माझा विरोध कौशल्याला नाही, ज्या कामात चूक दिसत नाही आणि भोगतो दुसराच, ते काम एकट्याने करण्याला आहे.

नवाजुना

हा सगळा व्यापच कशाला? २००३ ते २०११ च्या क्राउन व्हिक्टोरिया या फोर्डच्याच कारचा पुढचा अख्खा क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारा आडवा सांगाडा) कित्येक जण या ट्रकखाली बसवतात. डिस्क ब्रेक, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, सगळं एका झटक्यात. किंगपिनचा विषयच संपला.

ट्रकवेडा (धागाकर्ता)

नको. चासीला नवी भोकं पाडायची नाहीत. हा ट्रक जसा बनला तसाच चालवायचा आहे, त्या मर्यादेतच बोलूया.

हातपाना

@दोनलेन, चूक दिसत नाही हे मला मान्य नाही. या सस्पेन्शनमध्ये जवळपास प्रत्येक गोष्ट मोजता किंवा हाताने तपासता येते. कॅसल नट (कॉटर पिनेसाठी खाचा असलेला) ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळायचा, भोक जुळलं नाही तर आणखी थोडा आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. कॉटर पिन दरवेळी नवी. प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारा. थोडं चालवून पुन्हा खाली बघा. रेघ तुटली असेल तर नट हललाय. चाक उचलून तीच वर-खाली हलवण्याची परीक्षा पुन्हा घ्या. घाईत असलेला कारागीर यातलं किती करतो?

दुसरा डोळा हवा हे मात्र बरोबर. तो मित्राचाही असू शकतो.

दोनलेन

मित्र 'छान झालंय' म्हणतो. त्याला तपासणी म्हणत नाहीत.

लेथवाला

स्पिंडल मशीन शॉपला देण्याला माझी हरकत नाही. पण अजून कुणी अॅक्सलच्या डोळ्याबद्दल, म्हणजे पिनेच्या भोकाबद्दल, बोललेलं नाही, आणि खरा निर्णय तिथे आहे.

पिन स्पिंडलमध्ये फिरते, अॅक्सलमध्ये फिरत नाही. तिथे ती गच्च बसायला हवी. लॉक पिन ढिली असताना ट्रक बराच काळ चालला असेल तर अॅक्सलचं भोक अंडाकृती होतं. त्यात कितीही चांगली पिन घाला, कितीही सुंदर बुश रीम करा, खेळ राहणारच. म्हणून जुनी पिन निघाली की आधी नवी पिन नुसत्या अॅक्सलमध्ये, स्पिंडलशिवाय घालून बघा. हलली तर तिथेच थांबा.

आता आतल्या कडांच्या झिजेबद्दल. या रचनेत ट्रक जितका खाली बसतो तितकं चाक वरून आत झुकतं. म्हणजे स्प्रिंगा थकल्या असतील तरी आतलीच कड झिजते. या अॅक्सलवर कँबर (चाकाचा आत-बाहेरचा झुकाव) बदलायला शिम किंवा बोल्ट नाहीत. अलाइनमेंटवाले बीम थंड असतानाच हायड्रॉलिक जॅकने वाकवून तो बसवत. त्यामुळे जुन्या, बसलेल्या स्प्रिंगांवर कुणाला बीम वाकवू देऊ नका. स्प्रिंगा बदलायच्याच असतील तर आधी बदला, बीमचे आणि रेडियस आर्मचे बुश बदला, बीमच्या टोकाचे बोल्ट ट्रक चाकांवर उभा करून मगच शेवटचे आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहील आणि लवकर फाटेल. ट्रक काही दिवस चालवून बसू द्या, मग कँबर मोजा. बऱ्याचदा वाकवायची गरजच उरत नाही. टो (चाकांची पुढची बाजू आत-बाहेर किती वळलीय ते) मात्र घरी दोरी आणि टेपने जमतो, टायरॉडची बाही (स्लीव्ह) फिरवली की झालं.

एवढं पाळणार असाल तर माझा पहिला 'नको' मी बुशांपुरता ठेवतो.

ट्रकवेडा (धागाकर्ता)

ठरवलं. सुटं मी करणार. लॉक पिना आधी काही दिवस तेलात भिजत ठेवतो. तरी निघाल्या नाहीत तर हातोड्याने अॅक्सल ठोकत बसणार नाही, बीमच काढून प्रेसवर नेतो. अॅक्सलच्या डोळ्याची परीक्षा सगळ्यात आधी. भोक गेलेलं निघालं तर तो बीम पुन्हा लावणार नाही, दुसरा शोधेन. बुश रीम करायला मशीन शॉपला, पिना सोबत देऊन. शिम, थ्रस्ट बेअरिंग, ग्रीसची भोकं मी स्वतः बघतो आणि चाकं हवेत असतानाच पहिलं ग्रीस भरतो, म्हणजे ते थ्रस्ट बेअरिंगपर्यंत पोचेल. कँबर आणि कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) मोजायला बाहेर, पण वाकवायचं ते मला आकडे दाखवून मगच.

@दोनलेन, तुमचा मुद्दा मी सोडलेला नाही. रस्त्यावर काढण्याआधी पैसे देऊन दुसऱ्या फिटरकडून फक्त तपासणी करून घेतो, कॉटर पिनांपासून टॉर्कपर्यंत, लेखी.

दोनलेन

लेखी तपासणी होणार असेल तर विरोध अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा यासाठी की तपासणारा बंद केलेला सांधा उघडून बघणार नाही. त्याला शिम दिसणार नाही, अॅक्सलचा डोळाही नाही. जोडायच्या आधी त्याला एकदा बोलवा, सुट्या भागांवर नजर टाकू द्या.

ट्रकवेडा (धागाकर्ता)

हे पटलं. दोनदा बोलावतो: एकदा जोडण्याआधी, एकदा नंतर.