पत्रिकेसोबत हा जीनचा कागदही द्यायचा का?

रामबागची_काकू (इंदूर):
मुलगा २९ वर्षांचा. चार वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या, कारण दर वेळी एकच, "कंटाळा आला". पाऊस लागला की मोटरसायकल काढून मांडूला पसार. दिवाळीत कुठल्याशा कंपनीला नळीत थुंकी भरून पाठवली, आता फोनवर २२ पानी रिपोर्ट आलाय. त्यात डीआरडी४ नावाच्या जीनसमोर "साहसी, नावीन्याची ओढ". तेव्हापासून गॅसच्या नंबरला उभं राहा म्हटलं तरी "आई, रांग माझ्या जीनमध्येच नाही गं."

एवढंच असतं तर हसून सोडलं असतं. पण खाली डीआरडी२ या दुसऱ्या जीनसमोर लाल अक्षरांत "व्यसनाचा धोका जास्त" आहे, आणि माझे सासरे दारूपायीच गेले. ग्वाल्हेरच्या स्थळानं पत्रिका मागितलीय. हा कागद लपवला तर फसवणूक होईल का? यांना विचारलं तर म्हणतात, सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खा, डोकं शांत होईल.

पिपेट_बडोदेकर:
काकू, डीएनएच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढलीत, म्हणून आधी एक विचारतो. रिपोर्टात "७ वेळा" असं कुठे आहे का? डीआरडी४ मध्ये डीएनएच्या ४८ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणात २ वेळा, कुणात थेट ११, बहुतेकांत ४. गाजला तो ७ वाला. १९९६ साली इस्रायल आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी नावीन्याच्या ओढीशी डीआरडी४ चं नातं दाखवलं. पुढे इतरांनी तपासलं तर कुठे दिसलं, कुठे नाही, आणि सगळे आकडे एकत्र घातल्यावर जवळजवळ विरघळलं. एडीएचडीशी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलपणाच्या विकाराशी थोडं टिकलं, तेही बारीकसं. शिवाय थुंकीच्या किटमधली चिप सहसा सुटी अक्षरं वाचते, तुकडे मोजत नाही. त्याला वेगळा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तेवढ्याच भागाच्या प्रती काढायची चाचणी, लावावा लागतो.

दारूचं म्हणाल, तर १९९० मध्ये मृत्यूनंतर घेतलेल्या मेंदूच्या ७० नमुन्यांवरून, ३५ मद्यपींचे नि ३५ इतरांचे, "टॅक१ए" नावाचा बदल गाजला. नंतर कळलं, तो डीआरडी२ मध्ये नाहीच, शेजारच्या एएनकेके१ या जीनमध्ये आहे. शेजाऱ्याचं पत्र आपल्या पेटीत! डीआरडी२ अगदीच निर्दोष नाही, २०१४ मध्ये स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराशी जोडलेल्या डीएनएतल्या १०८ जागांपैकी एक त्याच्यापाशी निघाली. पण अशा एकेका जागेचा वाटा चिमूटभर.

ओवीची_आई:
माझ्या मुलीला एडीएचडी आहे. निदान आमच्याशी आणि तिच्या बाईंशी बोलून झालं, जीन कुणी मागितला नाही. काकू, खरंच शंका असेल तर तो शाळेत कसा होता ते आठवा. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. सासऱ्यांचं मात्र सांगा. घरात दारू असली की धोका वाढतो, ते कळायला थुंकी कशाला?

रामबागची_काकू:
पाहिलं. ७ कुठेच नाही, नुसतं एक "सी" नि एक "टी". चिरंजीव हिरमुसलेत. शाळेत तर इतका शांत की बाई त्याचं नाव विसरायच्या.

पत्रिका तेवढी पाठवली आणि सासऱ्यांचं फोनवर सांगून टाकलं. मुलीची आई जरा थांबून म्हणाली, "आणि तुमचे हे?" म्हटलं, चहासुद्धा अर्धा कप. नोकऱ्यांचं त्यांनी विचारलं नाही. मीही अजून काढलेलं नाही.