मदत हवी आहे: प्रार्थनासभेतील चुकीच्या शिकवणीविषयी कसे बोलावे?

बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम.

ऐरोलीत आम्हा काही मराठी कुटुंबांची घरगुती प्रार्थनासभा दर आठवड्याला भरते. अलीकडे तेथे येणारे एक उपदेशक असे शिकवू लागले आहेत की, विश्वास पुरेसा असेल तर आजार टिकूच शकत नाही आणि अर्पण वाढवले की देव नोकरी, घर हमखास देतो. हे सर्वांना गोड वाटते आणि तीच माझी खरी चिंता आहे, कारण कानांना रुचेल तेच सांगणारे शिक्षक लोक स्वतःभोवती गोळा करतील, असा इशारा प्रेषित पौलाने बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ तीमथ्य ४:३) दिला आहे.

आमच्यातील एका वयस्कर मावशींनी इन्सुलिनचे पेन फ्रिजमध्ये तसेच ठेवून दिले होते. सुई घेणे म्हणजे अविश्वास, असे त्यांना वाटू लागले होते. मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले, हे फार बरे झाले. तीमथ्याच्या त्याच पत्रात (४:२०) पौल आपला सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी असताना ठेवून आल्याचे लिहितो आणि पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता. मग पौलाचा विश्वास उणा होता, असे कोण म्हणेल?

मत्तय १८:१५ प्रमाणे उपदेशकांशी आधी एकांतात बोलावे, की गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने केफाला (म्हणजे पेत्राला) सर्वांसमोर दोष दिला, तसे सभेतच बोलावे? मला पहिला मार्ग योग्य वाटतो, परंतु तोवर इतर आजारी सभासदांचे काय? ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी असा प्रसंग हाताळला आहे, त्यांनी कोणत्या वचनांपासून सुरुवात केली आणि सभा न फुटता हे कसे साधले, ते कृपया सविस्तर लिहावे.