स्नूकर आणि मान: नुसता आराम पुरत नाही

स्नूकर खेळून मान दुखत असेल तर पंधरा दिवस टेबलाकडे फिरकू नका, शेक घ्या, असा सल्ला मिळतो. शेकाने बरं वाटतं हे खरं, पण माझी मान परत खेळायला लागल्यावर पहिल्याच संध्याकाळी धरली. हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टेकवून १२ फुटी टेबलाच्या पार टोकाला बघायचं, म्हणजे धड जवळजवळ आडवं आणि मान मागे दुमडलेली. पाठीचा वरचा भाग ताठर असेल तर तो सगळा बाक एकट्या मानेला द्यावा लागतो. तो ताठरपणा आराम करून जात नाही.

मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी काठी हातात देऊन शॉटच्या पवित्र्यात उभं केलं, मगच व्यायाम सांगितले. उताणं झोपून, डोकं न उचलता, हळूच ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच हनुवटी आत घ्यायची, १० सेकंद धरायची, असं १० वेळा. मग टॉवेलची गुंडाळी खांद्याच्या पात्यांखाली आडवी ठेवून पाठ मागे सैल सोडायची. आणि वाकताना कंबरेतून नाही, खुब्यातून वाकायचं. दोन महिने रोज केलं तेव्हा फरक पडला. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल, तर मात्र कृपया आधी डॉक्टरांना दाखवा.