मदत हवी आहे: ॲडलेड १९८६ समजावण्यासाठी कापलेला टायर

कोथरूडमध्ये इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी ग्रां प्रीतल्या (फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतल्या) गाजलेल्या प्रसंगांवर तासाभराचं सत्र आहे. नुर्बुर्गरिंग १९५७ (फँगिओ, ३.६ सेकंदांनी विजय) आणि मोंझा १९७१ (गेथिन, फक्त ०.०१ सेकंद) आकड्यांवरच रंगतात. अडलंय ते ॲडलेड १९८६ पाशी, म्हणजे त्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीपाशी.

विश्वविजेतेपदासाठी विल्यम्स संघाच्या मॅन्सेलला तिसरा क्रमांक पुरेसा होता. ८२ पैकी ६४व्या लॅपला सरळ रस्त्यावर त्याचा मागचा डावा टायर फुटला. याला नुसतं दुर्दैव म्हणणं पटत नाही. आधी त्याचा प्रतिस्पर्धी प्रॉस्टला पंक्चरमुळे टायर बदलावे लागले. ते उतरवलेले टायर तपासून, झीज बेताची आहे, न बदलता शर्यत निघेल असा अंदाज बांधला गेला. मॅन्सेलच्या जेमतेम आधी प्रॉस्टचा संघसहकारी रॉसबर्गही टायर गेल्यामुळेच थांबला, पण त्याला वाटलं इंजिन गेलं! मग पुढे असलेल्या पिकेला (मॅन्सेलचा संघसहकारी, तोही विजेतेपदाचा दावेदार) खबरदारी म्हणून टायर बदलायला आत बोलावलं, त्यामुळे पुढे गेलेला प्रॉस्ट शर्यत जिंकून विश्वविजेता झाला.

टायरचे थर दाखवायला कारच्या भंगार रेडियल टायरचा २० सेंमीचा तुकडा हवाय: ट्रेड (रस्त्याला टेकणारा थर), स्टीलचा पट्टा आणि आतलं कापड वेगवेगळं दिसेल असा. (रेसचा टायर वेगळा असतो, ते सांगूच.) ग्राइंडरने रबर जळून थर एकमेकांत माखतात, आणि कडेच्या बीडच्या जाड तारेवर हॅकसॉ अडतो. नाना पेठेत असा स्वच्छ काप कोणी देतं का? की भोसरीत वॉटरजेटवाले (पाण्याच्या जोरदार झोताने कापणारे) एकच तुकडा घेतील?